ईझीचेअर परीक्षण: फॉर्म दहा मिनिटांचा, तयारी आठवडाभराची

मँचेस्टर विद्यापीठातले संगणकशास्त्रज्ञ आंद्रेई व्होरोन्कोव्ह यांनी २००२ मध्ये सुरू केलेली ईझीचेअर ही निबंध मागवण्याची आणि तपासण्याची ऑनलाइन यंत्रणा आज अनेक विषयांच्या परिषदा वापरतात. इथे परीक्षण फक्त लेखकाच्या बाजूचं आहे: परिषदेसाठी अ‍ॅबस्ट्रॅक्ट (म्हणजे संशोधनाचा थोडक्यात सारांश) पाठवायचा असेल तर ही यंत्रणा कशी आहे? थोडक्यात, चांगली आहे. सगळा फॉर्म एकाच लांब पानावर आहे आणि कोणती माहिती कुठे भरायची हे शोधावं लागत नाही. मात्र तुम्ही जे टाकाल ते ती जसंच्या तसं निबंध निवडणाऱ्या समितीपुढे ठेवते, आणि बहुतेक घोटाळे तिथेच होतात.

खातं उघडायला ई-मेलवर आलेली लिंक पुरते. ओपनरिव्ह्यू या अशाच दुसऱ्या यंत्रणेत संस्थेचा ई-मेल पत्ता नसेल तर नवं खातं तपासणीत दोन आठवड्यांपर्यंत अडकू शकतं. इथे तसं होत नाही, त्यामुळे पहिल्यांदाच पाठवणाऱ्या विद्यार्थ्यासाठी ईझीचेअर अधिक सोयीची. तरीही खातं शेवटच्या दिवशी उघडू नये. ती लिंक स्पॅममध्ये गेली तर ऐन वेळी धावपळ होते.

लेखकांचा भाग मात्र किचकट आहे. प्रत्येकाचं नाव, आडनाव, ई-मेल, देश आणि संस्था वेगवेगळ्या रकान्यांत भरावी लागते, आणि निदान एकाला पत्रव्यवहाराचा लेखक म्हणून खूण करावी लागते. आधी कोणाबरोबर निबंध पाठवला असेल तर ते सहलेखक यादीतून थेट घेता येतात. ही सोय खरंच वेळ वाचवते. क्रम पहिल्यापासून बरोबर भरा. कार्यक्रमपत्रिका आणि प्रमाणपत्रं सहसा याच नोंदीवरून निघतात. पीडीएफमध्ये सहावा लेखक असला आणि फॉर्ममध्ये नसला, तर छापील कार्यक्रमातही तो नसतो. एकाच संस्थेचं नाव तीन लेखकांनी तीन प्रकारे लिहिलं तर ते तिन्ही प्रकारे छापलं जातं. म्हणून नाव, संस्था आणि ई-मेल सहलेखकांकडून लेखी मागवून घ्या, आणि संमतीही त्याच वेळी घ्या.

आता मुख्य रकाना. शीर्षक आणि अ‍ॅबस्ट्रॅक्ट दोन्ही साध्या मजकुरात द्यावे लागतात. तिरपी अक्षरं, घातांक, तक्ते काहीच टिकत नाही. वर्डमधून चिकटवताना ‘दहाचा उणे तीन घात’ हा ‘१०-३’ होऊन बसतो आणि वाचणाऱ्याला तो सात वाटू शकतो. लाटेकमधल्या (गणिती मजकूर जुळवण्याच्या प्रणालीतल्या) आज्ञा डॉलर चिन्हांसकट तशाच दिसण्याचा धोका असतो. ओपनरिव्ह्यूमध्ये गणिती सूत्रं नीट उमटतात, तिथे ती यंत्रणा सरस आहे. सगळ्यांत घातक चूक मायक्रोच्या चिन्हाची. वर्डमध्ये ते सिम्बॉल फाँट लावून टंकलेलं असेल तर साध्या मजकुरात त्याचं ‘एम’ होऊ शकतं, म्हणजे मायक्रोग्रॅमचा मिलिग्रॅम, मात्रेत थेट १,००० पटींचा फरक. स्पेलचेक हे पकडत नाही. उपाय सोपा आहे: मजकूर आधी नोटपॅडसारख्या साध्या एडिटरमध्ये चिकटवा, तिथे प्रत्येक एकक आणि चिन्ह मोठ्याने वाचा, शंका असेल तिथे एककाचं नाव अक्षरांत लिहा आणि मगच फॉर्ममध्ये न्या. पीडीएफमधून कधीच कॉपी करू नका. ओळीअखेरीस तुटलेले शब्द आणि त्यांतल्या जोडरेषा तशाच येतात. ‘पेक्षा लहान’ चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडा, कारण इथे एचटीएमएल (वेबपानं लिहिण्याची खुणांची भाषा) चालत नाही आणि ते चिन्ह टॅगची सुरुवात समजलं जाण्याचा धोका नको.

मजकुराच्या दर्जाबद्दल फॉर्म काहीच सांगत नाही, तेव्हा ते आधीच पक्कं हवं. मर्यादा २५० शब्दांची असेल तर ढोबळ वाटणी अशी बसते: पार्श्वभूमी ४०, उद्दिष्ट २५, पद्धत ६५, निकाल ९०, निष्कर्ष ३०. बरेच जण पार्श्वभूमीतच १०० शब्द खर्च करतात आणि निकालाला दोन वाक्यं उरतात. निकालात नमुनासंख्या, परिणामाचं प्रत्यक्ष माप आणि विश्वासमर्यादा (ते माप किती अचूक आहे हे दाखवणारा पल्ला) द्या. नुसती पी-व्हॅल्यू (फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का हे जोखणारा आकडा) फरक केवढा आहे हे सांगत नाही. ‘निकाल परिषदेत मांडले जातील’ हे वाक्य समितीच्या हाती काहीच देत नाही आणि अशा अ‍ॅबस्ट्रॅक्टला गुणही मिळत नाहीत. संदर्भसूची नको. संक्षेप पहिल्यांदा येताना पूर्ण लिहा, पण तीनपेक्षा कमी वेळा येणार असेल तर संक्षेपच करू नका. मर्यादा शब्दांत आहे की अक्षरांत, आणि अक्षरांत असेल तर मोकळ्या जागा धरून की सोडून, हे परिषदेच्या सूचनांत पाहा. जोडशब्द मोजण्याची रीत प्रत्येक सॉफ्टवेअरची वेगळी असते, म्हणून पाच-दहा शब्द हाताशी राखून ठेवा.

कीवर्ड किमान तीन हवेत, एका ओळीत एक. स्वल्पविराम देऊन एकाच ओळीत लिहिले की यंत्रणेला तो एकच कीवर्ड दिसतो. ही चूक फार होते. संयोजकांनी विषयांची यादी दिली असेल तर खरोखर लागू असलेलेच विषय निवडा. समितीचे सदस्य कोणते निबंध तपासायचे ते शीर्षक आणि अ‍ॅबस्ट्रॅक्ट पाहून सुचवतात, तिथे विषयांचाही उपयोग होतो. सगळ्यांवर खूण केली तर काम भलत्याच माणसाकडे जातं. ट्रॅक (परिषदेचे वेगवेगळे विभाग) अनेक असतील तर त्याची निवड अगदी सुरुवातीलाच असते, म्हणून तिथे घाई करू नका.

फाइल मागितली असेल आणि निबंधांचं परीक्षण लेखकांची नावं झाकून होणार असेल, तर पीडीएफच्या गुणधर्मांत लेखकाचं नाव राहिलेलं नाही ना ते तपासा. वर्ड ते नाव अनेकदा आपोआप भरतं. ‘आमच्या आधीच्या अभ्यासात’ असा उल्लेखही ओळख उघड करतो.

सबमिट दाबेपर्यंत नोंद तयार होत नाही, म्हणून फॉर्म उघडा ठेवून त्यातच लिहीत बसू नका. बटण एकदाच दाबा. मोठी फाइल चढायला वेळ लागतो. नोंद झाली की क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा. मुदतीपुढे ‘एओई’ (एनिव्हेअर ऑन अर्थ) लिहिलं असेल तर ती यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, १२ तास मागच्या वेळेनुसार असते; आपल्या घड्याळात ती किती वाजता संपते ते आधीच काढून ठेवा.

संयोजकांनी मुभा दिली असेल तर मुदत संपेपर्यंत माहिती, लेखक आणि फाइल बदलता येतात, आणि ही या यंत्रणेची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. त्यामुळे दोन दिवस आधीच पूर्ण मजकूर चढवा, सबमिट झाल्यावर दिसणाऱ्या पानाची प्रत सहलेखकांना पाठवा आणि दुरुस्त्या त्याच नोंदीत करा. चूक दिसली म्हणून नवी नोंद करू नका. एकच काम दोन क्रमांकांनी समितीकडे जातं, आणि त्यातलं कोणतं खरं हे ठरवायला कोणाकडे वेळ नसतो.