कॅस्पची चेकलिस्ट: वजनाच्या ऑपरेशनवरचे पेपर वाचताना किती कामाला आली

मी सर्जिकल वॉर्डात काम करता करता एम.एस्सी. नर्सिंग करतेय. मागच्या सेमिस्टरला बॅरिॲट्रिक सर्जरीचा (वजन कमी करायच्या ऑपरेशनचा) पुरावा तपासायचं काम अंगावर आलं, तेव्हा ही चेकलिस्ट पहिल्यांदा नीट हाताळली. कॅस्प म्हणजे क्रिटिकल अप्रेझल स्किल्स प्रोग्राम, संशोधनाचा पेपर किती भरवशाचा ते पारखायला शिकवणारा, १९९३ मध्ये ऑक्सफर्डला सुरू झालेला. पीडीएफ फुकट मिळतात, आरसीटीची (चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेल्या ट्रायलची) वेगळी, कोहॉर्टची (गटांवर वर्षानुवर्षं नुसती नजर ठेवणाऱ्या अभ्यासाची) वेगळी, क्वालिटेटिव्हची (मुलाखती वगैरे घेऊन केलेल्या अभ्यासाची) वेगळी, आणि बहुतेक प्रश्नांना उत्तरं तीनच, हो, नाही, सांगता येत नाही. माझ्या बरोबरीच्या बऱ्याच जणी नुसत्या टिका मारून मोकळ्या होतात आणि मग म्हणतात हिचा काही उपयोग नाही, म्हणून मुद्दाम लिहायला बसले.

मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो फॉलोअपच्या प्रश्नांचा. अभ्यासात आलेले सगळे पेशंट शेवटी हिशोबात आहेत का, आणि फॉलोअप पुरेसा लांब आहे का. वाचायला अगदी साधं, पण वजनाच्या ऑपरेशनमध्ये खरी मेख इथेच आहे. २०१४ ला जामा या अमेरिकेतल्या मेडिकल जर्नलमध्ये एक सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (आधीचे सगळे अभ्यास शोधून एकत्र तपासणारा पेपर) आला होता, त्यांनी ७३७१ अभ्यास चाळले आणि किमान दोन वर्षांचा फॉलोअप हवा आणि निदान ८० टक्के पेशंट टिकलेले हवेत अशा अटी लावल्यावर हातात उरले फक्त २९! आता विचार करा, ज्यांचं वजन छान उतरलंय ते आनंदाने तपासणीला येतात, आणि ज्यांचं परत वाढलंय ते तोंड दाखवायला लाजतात, हे आपण ओपीडीत बघतोच की. मग जे आले त्यांचंच ॲव्हरेज काढलं तर ऑपरेशन आहे त्यापेक्षा चांगलं दिसणारच ना.

लांबीचंही तसंच. वजनाचं ऑपरेशन झालेल्यांवरच्या अमेरिकेतल्या लॅब्स-२ अभ्यासाचा २०१२ चा दारूवरचा पेपर घ्या. ऑपरेशनआधीच्या वर्षात दारूचा त्रास असलेले ७.६ टक्के, पहिल्या वर्षी ७.३, आणि दुसऱ्या वर्षी ९.६. एका वर्षात थांबले असते तर काहीच वाढ नाही असं छापून आलं असतं आणि आपणही तेच पेशंटला सांगितलं असतं. गॅस्ट्रिक बायपासनंतर (जठर छोटं करून अन्नाची वाट पुढच्या आतड्याकडे वळवतात ते ऑपरेशन) दारू लवकर चढते हे आपल्याला माहीत असतं, पण धोका नक्की कधी डोकं वर काढतो ते असं लांबवर बघितल्याशिवाय कळत नाही.

आता जिथे ही चेकलिस्ट नवख्याला फसवते ते. आरसीटीच्या यादीत ब्लाइंडिंगचा प्रश्न आहे, म्हणजे कोणाला कोणता उपचार मिळाला हे लपवलं होतं का. स्टॅम्पीड ट्रायल घ्या, १५० डायबेटिसचे पेशंट, एका गटाला नुसती औषधं, दुसऱ्याला औषधं अधिक बायपास, तिसऱ्याला औषधं अधिक स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून काढतात ते ऑपरेशन). पोट कापलंय की नाही हे पेशंटपासून कसं लपवणार? मग उत्तर "नाही" येतं आणि माझ्या ग्रुपमधल्या एकीने त्यावरून सगळा अभ्यासच कमजोर ठरवला. तसं करू नका प्लीज. पाच वर्षांनी एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ६ किंवा खाली असलेले औषधाच्या गटात ५ टक्के, बायपासमध्ये २९, स्लीव्हमध्ये २३, हा आकडा लॅबचं मशीन देतं, पेशंटच्या मनात काय आहे त्याने तो फारसा हलत नाही. पण त्याच पेपरमधले जीवनमानाचे आकडे पेशंटने स्वतः फॉर्म भरून दिलेले असतात, ते मात्र जपून वाचायचे. म्हणजे एकाच "नाही"चं वजन एकाच पेपरात दोन जागी वेगळं आहे आणि ते सांगायला यादीत रकाना नाही. त्या ट्रायलला पैसा पुरवणाऱ्यांत सर्जरीची साधनं बनवणारी एथिकॉन होती, हेही मी मार्जिनमध्ये लिहून ठेवलं.

कोहॉर्टच्या यादीवर स्वीडनचा एसओएस अभ्यास तपासला, १९८७ ला सुरू झालेला, २०१० ऑपरेशनवाले आणि २०३७ बिनाऑपरेशनचे. रँडमायझेशन (चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडणं) नाही कारण त्या काळी ऑपरेशनमध्ये मृत्यूचा धोका जास्त म्हणून एथिक्स कमिटीने परवानगीच दिली नाही. सरासरी १०.९ वर्षांत ऑपरेशनवाल्यांत मृत्यू १०१, बिनाऑपरेशनच्यांत १२९. इथे कन्फाउंडिंगचा (गटांमधल्या दुसऱ्याच फरकामुळे निकाल बदललाय का) प्रश्न फार छान कामाला आला, कारण ऑपरेशनच्या गटातले लोक सुरुवातीला जास्त वजनाचे होते, म्हणजे फरक त्यांच्या विरुद्ध जाणारा, तरी निकाल त्यांच्या बाजूने आला. आणि शेवटच्या भागातला "हे तुमच्या पेशंटना लागू होईल का" हा प्रश्न आला तिथे मी अडकले, कारण २०१० पैकी बायपास फक्त २६५, बहुतेक ऑपरेशनं व्हर्टिकल बँडेड गॅस्ट्रोप्लास्टीची (स्टेपल आणि पट्टी लावून जठर लहान करायची पद्धत), जी आता जवळपास कोणी करत नाही. एवढं एका प्रश्नामुळे लक्षात आलं म्हणून या भागाला माझे पूर्ण मार्क.

क्वालिटेटिव्हची यादी दहा प्रश्नांची, आणि नर्सिंगच्या पेपरना खरी तीच लागते. सहावा प्रश्न, संशोधक आणि सहभागी यांच्यातल्या नात्याचा विचार केलाय का. जी नर्स ड्रेसिंग करते, आहार सांगते, तीच मुलाखत घेत असेल तर पेशंट तिला कसं सांगेल की मी व्हिटॅमिनच्या गोळ्या कधीच सोडल्या? लठ्ठ पेशंटना आयुष्यभर टोमणे ऐकायची सवय असते, समोरच्याला बरं वाटेल असंच बोलतात बिचारे. पेपर वाचताना लेखिकेने यावर दोन ओळी तरी लिहिल्यात का ते मी आता सगळ्यात आधी शोधते.

तक्रार एकच मोठी, नर्सला ज्याची काळजी ते यादी आपणहून विचारत नाही. बी१२, लोह, डंपिंग (खाल्लेलं फार लवकर आतड्यात उतरल्याने होणारा त्रास), गोळ्या किती जण घेतात, हे पेपरात मोजलंय का याची यादी मी स्वतः बनवून मागे स्टेपल केली. ५ पैकी ४ स्टार. आमच्या डिस्चार्जच्या कागदावर दारूबद्दल एकच ओळ होती, आता दुसऱ्या वर्षाच्या व्हिजिटलाही तो प्रश्न विचारायचा असं इन्चार्ज सिस्टरना पेपर दाखवून लिहून घेतलंय.