लिनक्स कर्नल ४.१: आयआरक्यूएफ_डिसेबल्ड गेला, फार बरं झालं

आमच्या इंडस्ट्रियल पीसीवर एक जुनं डेटा अ‍ॅक्विझिशन कार्ड आहे. त्याचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा कोड) कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, बाहेरचा. कार्डवाल्यांनी सोर्सकोड देऊन कधीच हात झटकले. कर्नल ३.२ वरून ४.१ वर आलो आणि मेक मारताच (ड्रायव्हर कंपाइल करताच) एरर: आयआरक्यूएफ_डिसेबल्ड अनडिक्लेअर्ड, म्हणजे हे नावच सापडत नाही. ४.१ ने हा फ्लॅग काढून टाकला होता, आणि माझ्या मते त्यातलं सगळ्यात मोलाचं काम हेच.

इंटरप्ट म्हणजे हार्डवेअरने सीपीयूला 'इकडे लक्ष दे' म्हणून दिलेला इशारा, आणि तो आल्यावर चालणारं ड्रायव्हरमधलं फंक्शन म्हणजे हँडलर. माझा हँडलर चालू असेपर्यंत या सीपीयूवर दुसरा इंटरप्ट येऊ देऊ नका, हे सांगायला तो फ्लॅग होता. ज्यांनी तो दिला नाही त्यांच्या हँडलरमध्ये दुसरा इंटरप्ट घुसायचा, त्यात तिसरा, आणि गोष्ट स्टॅक ओव्हरफ्लोपर्यंत (फंक्शनांची तात्पुरती मेमरी संपण्यापर्यंत) जाऊ शकायची. २०१० साली २.६.३५ ने सगळेच हँडलर इंटरप्ट बंद ठेवून चालवायला सुरुवात केली. तेव्हापासून फ्लॅग नावापुरता उरला.

त्याआधीही त्याचा भरवसा नव्हताच. एका आयआरक्यू लाइनवर (इंटरप्ट येण्याच्या वाटेवर) दोन-तीन डिव्हाइस असली, तर कर्नल यादीतल्या पहिल्या हँडलरचाच फ्लॅग बघायचा. म्हणजे संरक्षण मिळणार की नाही, हे कोणाचा ड्रायव्हर आधी लोड झाला यावर! दुसऱ्या सीपीयूपासून तर त्याने कधीच वाचवलं नाही. तिथे स्पिनलॉकच लागतो, म्हणजे एका वेळी एकालाच डेटाला हात लावू देणारं कुलूप.

आमच्या ड्रायव्हरमध्ये नेमकं तेच निघालं. हँडलर ज्या बफरमध्ये (डेटा साठवायच्या जागेत) लिहितो, तोच बफर रीड फंक्शन लॉक न घेता वाचत होतं, आणि वर कॉमेंट होती की इंटरप्ट बंद आहेत, काळजी नको. ती एरर आली नसती तर ही ओळ कोणी उघडली नसती. रीडमध्ये स्पिन_लॉक_आयआरक्यूसेव्ह (लॉक घेताना त्या सीपीयूवरचे इंटरप्टही बंद करणारा) आणि हँडलरमध्ये स्पिन_लॉक टाकल्यावर अधूनमधून येणारी वेडीवाकडी रीडिंग बंद झाली.

तक्रार आहे ती उशिराची. ४.१ आला जून २०१५ मध्ये, म्हणजे मरून पडलेला फ्लॅग जवळजवळ पाच वर्षं तसाच. हेडर फाइलमध्ये 'हा काढणार आहोत' अशी टीप होती खरी, पण कंपाइल करताना ती दिसत नाही. एखादी वॉर्निंग तरी द्यायला हवी होती.

ही एरर आली म्हणून फ्लॅग स्वतःच शून्य डिफाइन करून मोकळे होऊ नका. कोड कंपाइल होईल, पण रेस (दोघांनी एकाच वेळी एकाच डेटाला हात लावण्याची चूक) तशीच राहील. प्रत्येक रिक्वेस्ट_आयआरक्यू (हँडलर नोंदवणारा कॉल) उघडा, हँडलरचा डेटा आणखी कोण वापरतं ते बघा, मग फ्लॅग पुसा.