येझदी गंज काढायला दिली आणि रिमच बदलून आल्या

कोल्हापुरात कुणी जुनी गाडी रिस्टोअर करायला टाकायचा विचार करत असेल तर हे जरा वेळ काढून वाचा. लांबलंय, पण अर्धवट सांगून उपयोग नाही.

गाडी पप्पांची. येझदी रोडकिंग, १९८४ सालची, मरून रंगाची. पप्पा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत होते आणि रिटायर होईपर्यंत कामावर जाणं येणं याच गाडीवरनं. मला शाळेत सोडायचे ते पण हिच्यावरच, आईला दवाखान्यात नेली ती पण हिच्यावरच. ज्यांनी येझदी चालवलीय त्यांना माहितीय, किक आणि गिअर एकाच दांडीवर, किक मारून झाली की तीच दांडी वळवायची आणि गिअर टाकायचा, नव्या माणसाला जमत नाही. आमच्या घरात ती गाडी म्हणजे घरातलं माणूस.

आम्ही शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या बाजूला. २०१९ च्या पुरात गाडी शेजाऱ्यांच्या उंच ओट्यावर चढवली होती म्हणून वाचली. २०२१ च्या जुलैत पाणी असं वाढलं की रात्रीत माणसं बाहेर काढायची का गाडी, एवढाच प्रश्न राहिला. राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फूट आणि त्या वेळी पंचगंगा ५६ फुटांच्या वर गेली होती. चार दिवस गाडी सीटपर्यंत पाण्यात उभी.

पाणी उतरल्यावर एका ओळखीच्या मिस्त्रींनी इंजिन खोलून, धुवून, ऑइल सील बदलून चालू करून दिलं, त्यात काही अडचण आली नाही. खरा त्रास नंतर. पुराचा गाळ आऱ्यांच्या निपलमध्ये (आरा रिमला धरून ठेवणारा बारीक नट), चेसीच्या म्हणजे सांगाड्याच्या पाइपात, मडगार्डच्या वळलेल्या कडेत जाऊन बसतो आणि ओल धरून ठेवतो, वरनं गाडी सुकलेली दिसते पण आतनं गंज खात असतो. सहा महिन्यात रिमवर तांबडे फोड, सायलेन्सरवर खरबड, टाकीच्या खालच्या कडेला रंग फुगलेला. पप्पा रोज सकाळी फडकं घेऊन पुसायचे आणि फडकं तांबडं होऊन यायचं. ते बघवेना म्हणून मीच ठरवलं की एकदा पूर्ण काम करून घ्यायचं.

एका मित्राच्या ओळखीनं एकजण भेटला. नाव आणि ठिकाण लिहीत नाही. दुकानाच्या दारात एक बुलेट उभी, आरशासारखी, म्हणला "हे बघा, माझंच काम, दोन वर्षं झाली, एक ठिपका न्हाई." मोबाइलमध्ये शंभर फोटो. बोलायला एकदम गोड, पप्पांना "काका, तुमची गाडी म्हणजे माझी गाडी" असं. सांगितलं काय, तर चेसी सँडब्लास्ट करून (जोरात वाळू मारून गंज, रंग उडवायचा) पावडर कोटिंग (कोरडी रंगाची पूड मारून भट्टीत भाजायची), टाकी आणि मडगार्डला पीयू पेंट (हार्डनर घालून मारायचा टिकाऊ रंग), रिम, हँडल, सायलेन्सरला तांबं-निकेल-क्रोम अशी पूर्ण प्लेटिंग (एकावर एक धातूचे थर चढवायचे). सगळे मिळून ४६ हजार. निम्मे आधी, आणि कॅश द्या म्हणजे जीएसटी वाचतो. मी २३ कॅश दिले, नंतर "मटेरियल वाढलंय" म्हणून ११ आणखी कॅश, आणि शेवटचे १२ फोनवरनं पाठवले. म्हणजे ४६ पैकी फक्त १२ हजाराचा पुरावा माझ्याकडं. बिल मागितलं तर "शेवटी एकदम देतो".

फेब्रुवारी २०२२ ला गाडी टाकली. दोन महिन्याचं काम आठ महिने चाललं. कधी प्लेटिंगवाला गावाला गेलाय, कधी ज्योतिबाच्या यात्रेमुळं पोरं कामावर न्हाईत, कधी लाइट न्हाई. मी मधेच जायचो तर म्हणायचा पार्ट बाहेर दिलेत, इथं बघायला काय न्हाई. आणि मी परत यायचो. आज मला सगळ्यात जास्त त्रास याच गोष्टीचा होतो. सँडब्लास्ट झालेली उघडी चेसी मी एकदाही डोळ्यानं बघितली नाही.

शेवटी खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी गाडी दिली. मुद्दाम संध्याकाळी, हे नंतर कळलं. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली गाडी अशी चकाकत होती की मी खरंच भरून आलो. दुसऱ्या दिवशी घरात पूजा, झेंडूची माळ, आईनं कुंकू लावलं. पप्पा खाली बसले आणि मागच्या चाकाच्या रिमवरनं बोट फिरवत गेले, व्हॉल्व्हच्या भोकापाशी थांबले, परत एक फेरा फिरवला, परत थांबले. मग उठले आणि काही बोलले नाहीत. मला वाटलं खूश आहेत.

डिसेंबरात धुकं पडायला लागलं तसे रिमवर पहिले ठिपके आले, मोहरीएवढे, बारीक. फोन केला तर "काका, धुऊन पुसत न्हाईसा वाटतं." पुढच्या जुलैत पाऊस लागला आणि पंधरा दिवसात सायलेन्सरचा चकाकणारा थर नखानं निघायला लागला, टाकीवर आधी होता त्याच जागी फुगा, आणि चेसीवर सीटखाली काळ्या रंगाच्या पापड्या.

तेव्हा मी गाडी उद्यमनगरात एका जुन्या मिस्त्रींकडं नेली. वय सत्तरच्या पुढं, बोलायला फटकळ, पण माणूस सरळ. त्यांनी काय केलं ते नीट सांगतो कारण हे सगळ्यांना करता येतं.

पहिलं म्हणजे जुन्या स्पीकरचं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून टाकीवर फिरवलं. वरच्या बाजूला चुंबक घट्ट ओढत होतं, आणि खालच्या कडेला जिथं गंज होता तिथं आलं की सैल, घसरून खाली. म्हणजे तिथं पत्र्यावर लांबी (खड्डे भरायची पुट्टी) भरलेली, ती पण जाड. गंज काढून मग थोडी लांबी लावणं हे चालतं, सगळेच रंगारी करतात, पण इथं गंजावरच लांबी थापली होती. त्यांनी स्क्रूड्रायव्हरनं टोचलं तर बिस्किटासारखा तुकडा निघाला आणि मागच्या बाजूनं ओला तांबडा भुगा. लांबी पाणी शोषते, खाली गंज जिवंत असला की तो वाढतो, वरचा रंग कितीही भारी असू दे.

मग पांढऱ्या फडक्यावर थिनर घेऊन सीटखाली, जिथं दिसत नाही तिथं, चेसीवर घासलं. फडकं काळंकुट्ट झालं. पावडर कोटिंग भट्टीत १८० ते २०० डिग्रीला भाजलेलं असतं, ते थिनरच्या दोन हातात असं फडक्यावर उतरत नाही. हार्डनर घालून मारलेला पीयू पण नीट सुकल्यावर उतरत नाही. जो उतरतो तो साधा स्वस्तातला रंग. म्हणजे सँडब्लास्ट नाही, पावडर नाही, प्रायमर पण नाही, जुन्या गंजावर पॉलिश पेपर फिरवला आणि स्प्रे मारला. टाकीवर घासलं तर तिथं पण मरून रंग उतरला.

सायलेन्सरचं तर बोलायलाच नको, चंदेरी स्प्रे होता तो. इंजिन तापलं की पिवळा पडायचा, मी समजायचो नवीन क्रोम आहे म्हणून असेल.

आणि रिम. मिस्त्री म्हणले प्लेटिंग आहे पण नुसती नावाला. त्यांनी समजावलं ते असं, की क्रोमचा थर एक मायक्रॉनपेक्षा पण पातळ असतो आणि त्याला डोळ्याला न दिसणारी बारीक भोकं असतात, तो फक्त चमक देतो आणि ओरखडे थांबवतो. गंज अडवतो तो खालचा निकेल. आणि निकेलच्या खाली तांबं कशाला, तर गंजानं पडलेले खड्डे भरून, बफिंग करून पत्रा सपाट करायला. आता तांबं गाळलं आणि निकेल पण फ्लॅश मारल्यासारखा पातळ ठेवला तरी नवीन असताना डोळ्याला शून्य फरक दिसतो, दोन्ही सारखेच चकाकतात. फरक पहिल्या दमट हवेत कळतो. पैसा पण सगळा त्या न दिसणाऱ्या कामातच असतो, म्हणून चोरी पण तिथंच होते.

मी घरी येऊन पप्पांना हे सांगितलं तेव्हा ते जे बोलले ते ऐकून मी सुन्न झालो. म्हणले, "रिम आपल्या न्हाईत त्या. मला खंडेनवमीलाच कळलं." त्यांनी १९९० च्या आसपास दोन्ही रिमवर व्हॉल्व्हच्या भोकाशेजारी सेंटर पंचनं तीन ठिपके मारले होते, कामावर पार्किंगमधनं चाकं चोरीला जायची म्हणून. ते ठिपके शोधायलाच बोट फिरवत होते त्या दिवशी. ठिपके नव्हते. आमच्या जुन्या जाड पत्र्याच्या रिम काढून घेतल्या आणि कुठल्यातरी हलक्या लोकल रिम बसवल्या. माझा आनंद बघून ते नऊ महिने गप्प बसले. येझदीचा म्हैसूरचा कारखाना १९९६ लाच बंद पडला, त्यामुळं ओरिजिनल रिमला आता किती किंमत आहे हे त्या माणसाला चांगलं माहिती होतं, आणि मला नव्हतं.

त्याच्याकडं गेलो तर आधी "करून देतो की", मग "पुढच्या महिन्यात", मग फोन उचलणं बंद. रिमचं विचारलं तर सरळ म्हणला तुम्हीच अशा आणून दिल्या. माझ्याकडं गाडी टाकतानाचे फोटो होते, पण सगळे लांबनं काढलेले, रिमचा एकही जवळनं नाही. आणि "करून देतो" वर विश्वास ठेवत मी दिवस घालवले. नंतर एका वकील मित्राकडनं कळलं की ग्राहक आयोगात तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते, पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी पण लागत नाही, आणि बिल नसलं तरी व्हॉट्सअॅपवरचं बोलणं, पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट, फोटो हे सगळं दाखवता येतं. मी विचारायला गेलो तोपर्यंत माझी मुदत होऊन गेली होती. तुमच्या बाबतीत असं काही झालं असेल तर आजच १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा, समोरचा गोड बोलतोय म्हणून थांबू नका.

आता गाडी परत खोललीय, आणि या वेळी प्रत्येक टप्प्याला मी स्वतः उभा राहतोय. चेसी ज्यांच्याकडं दिली त्यांनी आधी चेसी नंबरावर भट्टीत टिकणारी टेप लावली, कारण पावडरचा थर जाड असतो, नंबर बुजला की आरटीओत वाचता येत नाही आणि पुढचं सगळं अडतं. हे मला आधी माहिती पण नव्हतं. सँडब्लास्ट झाल्यावर फोन आला, या बघायला. राखाडी, कोरडं, उघडं लोखंड, हात लावू नका म्हणले, घामानं पण गंज धरतो. त्यात दोन ठिकाणी पाइपला गंजानं आरपार सुईएवढी भोकं पडलेली दिसली, एक स्टँडच्या वर आणि एक फूटरेस्टच्या जोडापाशी. ती वेल्डिंग करून घेतली. त्या पहिल्या माणसानं चेसी तशीच काळा रंग मारून दिली होती आणि मी त्या गाडीवर माझ्या पोरीला पुढं बसवून रंकाळ्यावर नेत होतो. रंगाचं, पैशाचं एक वेळ सोडून देईन, पण हे मी त्याला कधीच माफ करणार नाही.

ब्लास्ट झाल्यावर कोटिंग त्याच दिवशी झालं पाहिजे, आपल्याकडच्या पावसाळी हवेत उघडं लोखंड एका रात्रीत तांबूस होतं, म्हणून हे काम शक्यतो उन्हाळ्यात टाका. पार्ट ॲसिडमध्ये बुडवून गंज काढणार असतील तर नंतर धुऊन उरलेलं ॲसिड निष्प्रभ केलं का ते विचारा, ते राहिलं की जोडात बसून पुन्हा खातं. रिमची ट्यूब काढून आतली बाजू बघा, बाहेरनं आरसा आणि आतनं गंज असलेल्या रिम मी स्वतः बघितल्यात. गाडी ताब्यात घ्यायची ती सकाळी उन्हात. आणि गंज हलका असेल तर कुणाकडं टाकायची घाईच करू नका, ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात भिजवून क्रोमवर हलक्या हातानं घासा, बराच गंज निघतो आणि क्रोमला ओरखडे पडत नाहीत. पॉलिश पेपर मात्र क्रोमला चुकूनही लावायचा नाही.

पप्पा आता ७६ चे आहेत. गुडघ्यामुळं किक मारता येत नाही पण मिस्त्रींकडं माझ्यासोबत येतात, स्टुलावर बसून एकेक नट पेट्रोलनं धुतात. चेसी झाली, टाकी झाली, सायलेन्सर प्लेटिंगला गेलेत. रिमचं काम मात्र थांबवलंय, पप्पा म्हणतात थोडं थांबू, आपल्या सापडतील. म्हणून कोल्हापूर, इचलकरंजी, सांगलीकडं कुणी मागच्या तीन-चार वर्षात जुन्या येझदीच्या रिम विकत घेतल्या असतील तर कृपा करून एकदा व्हॉल्व्हच्या भोकाशेजारी बोट फिरवून बघा, पंचचे तीन ठिपके, एका ओळीत, मधला जरा खोल. प्लेटिंगखाली थोडे बुजले असतील पण बोटाला लागतील. सापडल्या तर कुठनं घेतल्या हे मी विचारणार नाही, तुम्ही दिलेली किंमत जागेवर देऊन घेऊन जाईन.