पेटून राहणारी ब्रेक लाइट : हँड कंट्रोलचा नऊ महिन्यांचा अनुभव

गाडीला हँड कंट्रोल, म्हणजे ब्रेक आणि ॲक्सिलरेटर हाताने चालवायचा सेट, बसवून नऊ महिने झाले. त्यातल्या एका महिन्यात बॅटरी दोनदा उतरली. दुसऱ्या वेळी नवी बॅटरी घ्यायचं जवळजवळ ठरलंच होतं. घेतली असती तर ते पैसे पाण्यात गेले असते, कारण बॅटरीत काहीच दोष नव्हता. गाडी बंद करून कुलूप लावल्यावरही मागची ब्रेक लाइट पेटलेली राहत होती. बहुतेक गाड्यांत चावी काढली तरी हे सर्किट चालूच असतं. २१ वॉटचे तीन बल्ब धरले तर ६३ वॉट होतात, म्हणजे १२ व्होल्टवर सव्वापाच अँपिअर. ४५ अँपिअर-अवरची चांगली बॅटरीसुद्धा त्यावर नऊ तास टिकत नाही. एलईडी दिव्यांच्या गाडीत ती इतक्या लवकर बसत नाही, त्यामुळे तिथे हा दोष महिनोन्महिने कळतही नाही.

सेट नेहमीचाच आहे. ऑटोमॅटिक गाडी, स्टिअरिंगखाली लीव्हर, पुढे ढकलला की ब्रेक आणि खाली मांडीकडे दाबला की ॲक्सिलरेटर. लीव्हरपासून ब्रेक पेडलच्या दांड्यापर्यंत रॉड जातो आणि तिथे क्लँपने आवळलेला असतो. पाय न वापरता पुन्हा गाडी चालवता येणं ही किती मोठी गोष्ट आहे ते इथे वाचणाऱ्यांना सांगायला नको. म्हणूनच पेडल दोन मिलिमीटर दाबलेलं राहण्याचा हा दोष इतका सविस्तर लिहितो आहे.

पेडल मोकळं असताना पूर्ण वर आलं पाहिजे. ब्रेक लाइटचा स्विच त्याच्या दांड्यावर टेकलेला असतो आणि पेडल दोन-तीन मिलिमीटर खाली गेलं की दिवा लागतो. रॉड थोडा जरी लांब राहिला तरी तो पेडलला कायम दाबून धरतो. दिवा ही त्याची पहिली खूण. मागच्या गाडीवाल्याला आपण खरा ब्रेक कधी मारला ते कळत नाही, आणि हा धोका बॅटरीपेक्षा मोठा आहे. क्रूझ कंट्रोल (ॲक्सिलरेटर न दाबता ठरलेला वेग राखणारी सोय) लागत नाही, कारण गाडीच्या लेखी ब्रेक दाबलेलाच असतो. ब्रेक न दाबता गिअर ‘पी’मधून (पार्किंगमधून) निघू लागतो, म्हणजे सुरक्षेचं कुलूपच गेलं. काही गाड्यांत ॲक्सिलरेटर दाबला तरी इंजिन जोर धरत नाही, कारण दोन्ही पेडल एकदम दाबली की ताकद कमी करायची अशी त्यांची रचना असते.

दाब आणखी वाढला तर मास्टर सिलिंडरमधलं (पेडल दाबलं की ब्रेकचं तेल चाकांकडे ढकलणारा भाग) तेल परत त्याच्या टाकीत जाण्याचं छिद्र उघडत नाही. ब्रेक तापतात, तेल फुगतं, त्याला जायला वाट नसते आणि ब्रेक आपोआप जास्तच आवळले जातात. चाकाजवळ हात नेल्यावर धग लागली किंवा सपाटीवर गाडी लवकर थांबू लागली, तर वर्कशॉपची तारीख मिळेपर्यंत थांबू नका, गाडी तिथेच उभी करा.

एका वर्कशॉपने यावर काय केलं, तर स्विच फिरवून पुढे सरकवला. लाइट विझली, बिल झालं, पेडल मात्र होतं तसंच दाबलेलं राहिलं. दोष झाकला आणि तो सांगणारी खूणही काढून घेतली. याचा राग अजून गेलेला नाही. स्विचला हात लावण्याआधी रॉडला पेडलशी जोडणारी पिन काढून बघायला दोन मिनिटं लागतात. पिन काढल्यावर पेडल वर उचललं गेलं आणि दिवा विझला, तर स्विच निर्दोष आहे.

सहाव्या महिन्यापर्यंत माझं ठाम मत होतं की फिटरने रॉड लांब ठेवला. ते अर्धंच खरं निघालं. रॉड एक आटा कमी केल्यावर तीन आठवडे सगळं व्यवस्थित होतं, मग पुन्हा तेच. खरं कारण म्हणजे लीव्हरचा ब्रॅकेट स्टिअरिंग कॉलमच्या वर-खाली होणाऱ्या भागावर बसवलेला होता. घरातलं दुसरं कुणी पायांनी गाडी चालवताना स्टिअरिंग खाली करतं, त्याबरोबर ब्रॅकेट खाली येतो आणि रॉड पेडलवर रेलतो. स्टिअरिंग वर केलं तर उलटं होतं. लीव्हरला फुकटची चाल येते आणि ब्रेक उशिरा लागतो. त्यामुळे आता टिल्टचा, म्हणजे स्टिअरिंग वर-खाली करायचा, दांडा पट्टीने बांधून टाकला आहे आणि कॉलमवर पांढऱ्या रंगाची खूण आहे. चालवणारं कुणीही असो, स्टिअरिंग त्या खुणेवरच राहतं. तुमचा ब्रॅकेट कॉलमवर आहे की डॅशच्या स्थिर चौकटीवर, हे बसवून घेण्याआधीच विचारा.

रॉड जुळवताना पायाखालची मॅट आधी काढा, ती पेडलखाली अडकली तर सगळं माप चुकतं. एम-८च्या आट्याला एका फेरीत सव्वा मिलिमीटर मिळतात. रॉडच्या एका टोकाला उजवे आणि दुसऱ्याला डावे आटे असतील तर एका फेरीत अडीच. म्हणून अर्ध्या फेरीनेच जा. दोन्ही चेकनट (रॉड जागेवर पक्का धरणारे नट) सैल करा, रॉड आखूड करा आणि लीव्हरला हाताला जाणवेल इतकाच, एक-दोन मिलिमीटर, प्ले (मोकळी चाल) ठेवा. टोकाच्या जोडाच्या आत रॉडचा किमान आठ मिलिमीटर आटा शिल्लक हवा. चेकनट आवळून नट आणि रॉडवर मिळून एक रंगाची रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला. पेडलवरचा क्लँप रंगावरून घसरतो, त्याच्या कडेलाही अशीच रेघ हवी. क्लँप वर सरकला तर तेवढ्याच ब्रेकला हाताला जास्त जोर लावावा लागतो.

मग इंजिन चालू ठेवून लीव्हर पूर्ण जोराने ढकला. बोटं आणि डॅश यांच्यात मोकळी जागा उरलीच पाहिजे. इंजिन बंद करून चार-पाच वेळा ब्रेक मारा. बूस्टरमधला (इंजिनच्या व्हॅक्यूमने ब्रेकला जोर देणारा भाग) व्हॅक्यूम संपला की पेडल दगडासारखं कडक होतं. चालत्या गाडीत इंजिन बंद पडलं तर साठलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीनच ब्रेक मिळतात. त्यानंतर आपला हात पुरतो का, हे उभ्या गाडीतच कळलेलं बरं.

बाकीचं थोडक्यात. एका हाताने स्टिअरिंग फिरवण्यासाठी त्यावर बसवलेली मूठ चांगली आहे, पण तिचा क्लँपही महिन्याला एकदा तपासावा लागतो. एक हात मुठीवर आणि एक लीव्हरवर असल्याने हॉर्नचं बटण लीव्हरवरच हवं, ते मी आधी घेतलं नाही ही चूक झाली. ओढून वेग वाढवायच्या लीव्हरपेक्षा हा प्रकार निवडला, कारण तिथे गाडीने जोर घेतला की धड मागे जातं आणि हात आणखी ओढला जातो. धडाचा तोल कमी असेल तर छातीचा पट्टा लागतोच.

इथेही एक मत बदललं. दाब कमी करणारी गादी सीटवर ठेवली की मांडी वर येते आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायच्या आधीच लीव्हर तिला टेकतो. आधी मी गादी बदलायच्या विचारात होतो. ते चूक ठरलं असतं, कारण जिथे संवेदना नाही तिथे जखम आधी होते आणि कळते नंतर. लीव्हरचा कोन बदलता येतो, गादी तीच ठेवा. सीट हीटर मात्र कायम बंद, कारण भाजलेलंही कळत नाही. पायांना झटके येत असतील तर पेडलपुढची संरक्षक पट्टी पहिल्या दिवसापासून बसवून घ्या, नाहीतर पाय ब्रेकखाली अडकतो.

व्हीलचेअरवरून मागचा दिवा बघायला जावं लागू नये म्हणून रोज गाडी भिंतीकडे पाठ करून लावतो. लीव्हर सोडल्यावर आरशात भिंतीवर लाल उजेड दिसला तर उतरण्याआधी लीव्हर मागे ओढून बघतो. तेवढ्याने विझला तर लीव्हर ज्यावर फिरतो त्या पिव्होटचा बुश धुळीने जड झाला आहे, तो साफ करायचा. नाही विझला तर टिल्टची खूण बघायची, आणि तीही जागेवर असेल तर रॉड जुळवायला १३ चा पाना काढायचा.