पेन्शन पॉलिसीच्या फोनवर मी 'हो' म्हणाले, तेव्हा

तक्रार केल्यावर कंपनीने मला माझाच आवाज ऐकवला. पॉलिसी देण्याआधी त्यांच्याकडून एक फोन आला होता, त्याचं रेकॉर्डिंग. "बोनसची रक्कम हमखास नाही, हे तुम्हाला समजावून सांगितलं आहे का?" "हो." "मध्येच बंद केल्यास भरलेल्या रकमेपेक्षा कमी मिळू शकतं, हे सांगितलं आहे का?" "हो." "निवृत्तीच्या वेळी सगळी रक्कम एकरकमी मिळणार नाही, हे माहीत आहे का?" "हो." आवाज स्पष्ट आहे. कुठेही अडखळलेली नाही मी.

यातलं मला कुणीही काही सांगितलेलं नव्हतं. सांगितलं होतं ते एवढंच: "वहिनी, कंपनीतून एक फोन येईल. फॉर्मॅलिटी असते. सगळ्याला 'हो' म्हणा, नाहीतर फाइल अडकते."

सांगणारे आमच्या यांचे जुने सहकारी. नोकरी सोडून ते विम्याच्या कामात आले होते. वर्षानुवर्षं घरी येणं-जाणं, मी त्यांना भाऊजी म्हणते. म्हणूनच हे लिहायला चार वर्षं लागली. पण परवा ऑफिसातल्या एका तरुण मुलीच्या टेबलावर अगदी तशीच फाइल पाहिली आणि मग राहवलं नाही.

रकमा शंभरात सांगते, म्हणजे हिशेब कुणालाही स्वतःच्या आकड्यांवर करून बघता येईल. वर्षाला १०० याप्रमाणे १० वर्षं हप्ते भरायचे, एकूण १,०००. पहिल्या हप्त्यापासून २० वर्षांनी २,००० जमा होणार आणि त्यातून पेन्शन सुरू होणार. भाऊजींनी कागदाच्या कोपऱ्यात लिहून दाखवलं: हजाराचे दोन हजार, म्हणजे शंभर टक्के नफा, भरायची दहाच वर्षं, म्हणून वर्षाला दहा टक्के. मी मान डोलावली. घरखर्चाचा पै-पैचा हिशेब ठेवणारी मी, पण ते दहा टक्के मला खरे वाटले.

ते खरे नाहीत. पहिला हप्ता २० वर्षं अडकतो, शेवटचा ११ वर्षं. चक्रवाढीने मांडलं तर हजाराचे दोन हजार होण्याचा हा दर वर्षाला साधारण ४.५ टक्के निघतो. मोबाइलवरच्या कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक वर्षीचा हप्ता उणे चिन्हाने लिहायचा, शेवटी मिळणारी रक्कम अधिक चिन्हाने, आणि 'आयआरआर'चं, म्हणजे पैसे वर्षाला खरोखर किती टक्क्यांनी वाढले ते काढणारं, सूत्र लावायचं. दहा मिनिटांचं काम आहे. ती दहा मिनिटं मी सही केल्यानंतर चार वर्षांनी काढली.

आणि ते २,००० तरी कुठे नक्की होते? कंपनीने दिलेल्या तक्त्यात दोन रकाने होते. एकात हमी असलेली रक्कम, दुसऱ्यात बोनस चांगला मिळाला तर होऊ शकणारी. भाऊजींचं बोट दुसऱ्या रकान्यावर होतं. हमीच्या रकान्यात १,४०० होते. त्या हिशेबाने दर येतो २.२ टक्के. महागाई याहून वेगाने वाढत राहिली, तर वीस वर्षांनी हातात आकडा मोठा असतो आणि त्यात येणारं सामान कमी.

पेन्शनचं तर मी विचारलंच नाही. "शंभराला सहा मिळतील, जन्मभर," हे ऐकून मला वाटलं, म्हणजे सहा टक्के व्याज, आणि मुद्दल आहेच. मुद्दल नव्हतं. जमलेल्या रकमेचा मोठा हिस्सा देऊन ॲन्युइटी विकत घ्यायची, म्हणजे आपले पैसे कायमचे कंपनीच्या हवाली करायचे आणि त्याबदल्यात हयातभर ठरलेली रक्कम घ्यायची. शंभर देऊन वर्षाला सहा घेतले, तर आपलेच पैसे परत यायला १६ वर्षं ८ महिने लागतात. निवृत्तीनंतर २० वर्षं जगले तर मिळणार १२०, म्हणजे व्याजाचा दर वर्षाला १.८ टक्के. मुद्दल वारसाला परत देणारा पर्यायही असतो, पण त्यात पेन्शन कमी बसते. ॲन्युइटी वाईटच असते असं मी म्हणत नाही. नव्वदी ओलांडलेल्या माणसाला तिचा मोठा आधार होतो, कारण कितीही जगलं तरी ती थांबत नाही. ती घेण्याचं खरं कारण तेच आहे. पण त्या सहाला कुणी व्याज म्हणत असेल, तर तो फसवतो आहे.

मला सगळ्यात जास्त बोचतं ते वेगळंच. आमच्या ऑफिसात निवृत्तीची एक ऐच्छिक योजना आहे. आपण जितकं घालू, तितकंच एका मर्यादेपर्यंत ऑफिसही घालतं. शंभर घातले की खात्यात लगेच दोनशे. या पॉलिसीचा हप्ता बसवण्यासाठी मी त्या योजनेतला माझा वाटा बंद केला. "ऑफिसचं काय खरं वहिनी, आज आहे उद्या नाही. हे तुमच्या नावावर असेल," असं भाऊजी म्हणाले होते. ऑफिसच्या योजनेतून त्यांना काही मिळणार नव्हतं. माझ्या हप्त्यातून, तेही पहिल्या वर्षीच्या हप्त्यातून सगळ्यात जास्त, कमिशन मिळणार होतं.

नंतर वाचताना कळलं की एका अख्ख्या देशात हेच घडून गेलं आहे. ब्रिटनमध्ये १९८८ पासून वैयक्तिक खासगी पेन्शन सर्रास विकल्या जाऊ लागल्या. परिचारिका, शिक्षक, खाणकामगार अशा कितीतरी लोकांना विक्रेत्यांनी नोकरीतली चांगली पेन्शन योजना सोडायला लावली. १९९४ मध्ये नियामकांनी जुन्या विक्रीची फेरतपासणी सुरू करायला लावली आणि शेवटी कंपन्यांना ११ अब्ज पौंडांहून अधिक भरपाई द्यावी लागली. हे वाचून त्या रात्री मला रडू आलं. मी एकटी मूर्ख नव्हते, हे कळल्याचं ते रडू होतं.

चार हप्ते भरून झाल्यावर मी सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे पॉलिसी मध्येच मोडली तर हाती येणारी रक्कम, विचारली. भरले ४००, मिळणार १९०. इथे एक गोष्ट नीट सांगते, कारण संतापाच्या भरात बहुतेक जण हिशेब न करता पॉलिसी मोडतात. गेलेले २१० पॉलिसी मोडली तरी आणि चालू ठेवली तरी गेलेलेच असतात, म्हणून ते बाजूला ठेवायचे. प्रश्न एवढाच की आज हाती येणारे १९० सोडून आणि उरलेले सहा हप्ते भरून शेवटी काय मिळणार. माझ्या बाबतीत हमीच्या १,४०० वर हा पुढचा दर चार टक्क्यांच्या जरा वर येत होता, मूळ २.२ पेक्षा चांगला. सात-आठ हप्ते भरून झालेल्या माणसाला कदाचित पुढे चालू ठेवणंच परवडेल. हप्ते थांबवून पॉलिसी पेड-अप करणं हाही मार्ग असतो. त्यात रक्कम कमी होते, पण मोडल्याचा फटका बसत नाही. तिन्ही आकडे कंपनीकडून लेखी मागवा. तोंडी सांगितलेल्या आकड्याला मी आता आकडा समजत नाही. माझ्यासमोर ऑफिसची दुप्पट करणारी योजना होती, म्हणून मी १९० घेऊन बाहेर पडले आणि तिथला वाटा पुन्हा सुरू केला. मधल्या चार वर्षांत ऑफिसने जे घातलं असतं, ते मात्र आता मिळणार नाही. नियमात तशी सोयच नाही.

तक्रार फेटाळली गेली. रेकॉर्डिंग होतं, प्रपोझल फॉर्मवर, म्हणजे पॉलिसीसाठीच्या अर्जावर, पानोपानी सही होती. त्या फॉर्मवर माझं उत्पन्न वाढवून लिहिलेलं होतं, हेही मला तेव्हाच कळलं. भाऊजींनी कोऱ्यावर सही घेऊन नंतर भरलं होतं. पण वाढवलेलं मी नाही, हे सिद्ध कसं करणार? भाऊजींना फोन केला, तर ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही लाँग टर्मचा विचारच करत नाही." त्यानंतर बोलणं झालेलं नाही. यांना त्याचं फार वाईट वाटतं.

त्या मुलीला मी दुपारी जेवणाच्या सुट्टीत हे सगळं सांगितलं. तिची पॉलिसी येऊन नऊ दिवस झाले होते. अनेक देशांत पॉलिसी हाती पडल्यापासून काही दिवसांची मुदत असते, तेवढ्यात ती परत करता येते आणि थोडी वजावट होऊन पैसे मिळतात. किती दिवस, ते पॉलिसीतच छापलेलं असतं. माझं पाकीट तेव्हा सहा महिने कपाटात न फोडता पडून होतं. तिचं आम्ही तिथेच टेबलावर उघडलं, मुदतीचं कलम शोधलं, आणि पाकिटावर पोचल्याची तारीख होती म्हणून ते पाकीटही अर्जासोबत जोडायला बाजूला काढून ठेवलं.