‘प्रिझर्व्हेटिव्ह-मुक्त’ कोरफड क्रीम: वापरून आणि तपासून दिलेलं मत

पोत सुरेख आहे, हे आधी सांगते. बोटावर घेतली की लगेच मुरते, चेहरा तेलकट दिसत नाही, वासही मंद. तरीही ही क्रीम मी कुणालाच घ्यायला सांगणार नाही, आणि त्याचं कारण तिच्या झाकणावरच मोठ्या अक्षरांत छापलेलं आहे: ‘१०० टक्के नैसर्गिक, रसायनमुक्त, एकही प्रिझर्व्हेटिव्ह नाही’.

मी सौंदर्यप्रसाधनांची सूक्ष्मजीव-तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. त्यामुळे कुठलीही डबी हातात आली की नजर आधी घटकांच्या यादीवर जाते. या यादीत पहिलं नाव पाण्याचं आहे, दुसरं कोरफडीच्या रसाचं. यादीत जास्त प्रमाणातले घटक आधी येतात, म्हणजे डबीत सगळ्यात जास्त आहे ते पाणीच. पाणी, तेल आणि वनस्पतीचा रस एकत्र आले की जिवाणूंना आणि बुरशीला वाढायला आणखी काही लागत नाही. त्यात डबी रुंद तोंडाची. रोज तिच्यात बोट बुडणार, आणि बहुतेकांकडे ती बाथरूमच्या दमट हवेत राहणार.

यादीच्या तळाशी व्हिटॅमिन ई आणि ग्रेपफ्रूटच्या बियांचा अर्क आहे. कंपनीच्या माहितीपत्रकात यालाच ‘निसर्गाचं संरक्षण’ म्हटलंय. व्हिटॅमिन ईचं काम तेल खवट होऊ न देणं. जिवाणूंना ते रोखत नाही. ग्रेपफ्रूटच्या अर्काची गोष्ट तर प्रत्येक ग्राहकाला माहीत असायला हवी. १९९९ साली जर्मन संशोधकांनी बाजारातले असे ६ अर्क तपासले. त्यांपैकी ५ अर्कांत बेन्झेथोनियम क्लोराइड हे कृत्रिम जंतुनाशक सापडलं, काहींत ट्रायक्लोसान आणि मिथाइलपॅराबेनही. ज्या एका अर्कात कृत्रिम परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) नव्हतं, त्याचा जंतूंवर काहीही परिणाम दिसला नाही.

ही क्रीम माझी धाकटी बहीण वापरत होती. तिला एक्झिमा आहे, थंडीत तिची त्वचा भेगाळते, आणि ‘रसायनमुक्त’ या एका शब्दावर विश्वास ठेवून ती नेमकी त्या भेगांवरच हे लावत होती. तिची वापरातली डबी आणि एक न उघडलेली डबी मी प्रयोगशाळेत नेली. न उघडलेल्या डबीत विशेष काही मिळालं नाही. बहिणीच्या डबीतल्या नमुन्याच्या प्लेटवर मात्र सूक्ष्मजीवांच्या वसाहती मोजता येणार नाहीत इतकी वाढ होती. वास ठीक, रंग ठीक, पृष्ठभागावर एकही डाग नाही. आंतरराष्ट्रीय मानकानुसार अशा क्रीममध्ये एका ग्रॅमला जास्तीत जास्त १,००० सूक्ष्मजीव चालतात, आणि डोळ्यांभोवती किंवा ३ वर्षांखालच्या मुलांना लावायच्या उत्पादनात १००. दोन डब्या म्हणजे काही अभ्यास नव्हे, हे मला कळतं. पण ही वाढ अनपेक्षित अजिबात नव्हती. पाण्याच्या उत्पादनांत स्यूडोमोनास आणि बर्कहोल्डेरिया जातीचे जिवाणू वारंवार सापडतात. धडधाकट त्वचा त्यांना बहुधा दाद देत नाही. फाटलेली त्वचा, डोळा, किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेला माणूस यांची गोष्ट वेगळी.

मी कंपनीला एकच प्रश्न विचारला: आयएसओ ११९३० या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे चॅलेंज टेस्ट केली आहे का? या चाचणीत उत्पादनात मुद्दाम जिवाणू, यीस्ट आणि बुरशी सोडतात आणि २८ दिवस पाहतात की ती मरतात की वाढतात. उत्तर आलं, ‘आमचं उत्पादन पूर्ण नैसर्गिक असल्याने त्याची गरज नाही’. हे वाचून मला राग आला. गरज इथेच सगळ्यात जास्त आहे.

आता पॅराबेन या कृत्रिम परिरक्षकांच्या गटाबद्दल, कारण लोक या डब्यांकडे वळतात ते त्याच भीतीपोटी. २००४ साली एका ब्रिटिश अभ्यासात स्तनाच्या २० गाठींच्या नमुन्यांत पॅराबेन आढळले. निरोगी ऊतींशी तुलना त्यात नव्हती, आणि पॅराबेनमुळे कर्करोग होतो असं त्या संशोधकांनी म्हटलेलंही नव्हतं. लोकांच्या मनात मात्र तेवढंच राहिलं. पॅराबेनचा इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखा परिणाम प्रयोगात दिसतो हे खरं आहे, पण शरीरातल्या इस्ट्राडिऑलपेक्षा (मुख्य इस्ट्रोजेनपेक्षा) तो हजारो पटींनी दुबळा. तरीही युरोपने तो दुर्लक्षित केला नाही: २०१४ मध्ये पुरेशी माहिती नसलेल्या ५ पॅराबेनवर बंदी आली, प्रोपाइल आणि ब्युटाइल पॅराबेनची मर्यादा ०.१४ टक्क्यावर आणली गेली. मिथाइलपॅराबेनला ०.४ टक्के परवानगी कायम आहे.

कृत्रिम परिरक्षकं सगळीच निर्धोक, असं मी म्हणत नाही. पॅराबेन टाळण्याच्या घाईत अनेक कंपन्यांनी मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे दुसरं परिरक्षक वापरलं आणि त्वचेच्या ॲलर्जीचे रुग्ण इतके वाढले की अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या एका संघटनेने २०१३ मध्ये त्याला ‘वर्षातला ॲलर्जीकारक’ ठरवलं. २०१७ मध्ये युरोपने ते त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनांतून हद्दपार केलं. त्याच संघटनेने २०१९ साली पॅराबेनला ‘ॲलर्जीकारक नसलेला’ म्हणून गौरवलं. आणि ज्या लव्हेंडर तेलाचा या क्रीमच्या जाहिरातीत एवढा उदोउदो आहे, त्यातला लिनालूल हा सुगंधी घटक हवेत ऑक्सिडाइझ झाला की तोही ॲलर्जी देतो.

कंपनीला हे सुधारणं कठीण नाही. सोडियम बेन्झोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट ही परिरक्षकं घालावीत, पीएच (आम्लतेचं माप) ५ च्या आसपास किंवा थोडा खाली ठेवावा (त्याहून वर ही जोडी फारशी चालत नाही), डबीऐवजी हवाबंद पंप द्यावा आणि चॅलेंज टेस्टचा निकाल ग्राहकांना दाखवावा. पोत एवढा चांगला जमवणाऱ्यांना हेही जमेल. तोवर माझ्याकडून ५ पैकी १ तारा, तोही पोतासाठी.

बहीण आता फिनॉक्सीइथेनॉल हे परिरक्षक असलेलं बिनवासाचं पंपाचं लोशन लावते. या परिरक्षकाची युरोपातली मर्यादा १ टक्का आहे. रात्री भेगांवर पाणी नसलेला तेल-मेणाचा बाम लावते. त्यात पाणीच नसल्याने परिरक्षकाशिवाय चालतं, फक्त ओलं बोट त्यात घालायचं नाही. ही क्रीम तुमच्याकडे आधीच उघडलेली असेल तर डोळ्यांजवळ, जखमेवर आणि बाळाला लावू नका, आणि वास चांगला आहे एवढ्यावरून ती ठेवून देऊ नका.