ओल्फाचा ४५ मिमी रोटरी कटर: घ्याच, पण ब्लेड कधी बदलायचं तेही समजून घ्या

गोधडी, पॅचवर्क, क्विल्ट असलं काही शिवणाऱ्यांसाठी लिहितेय. ओल्फाचा पिवळ्या दांड्याचा ४५ मिमीचा रोटरी कटर (चाकासारखं फिरणारं गोल ब्लेड असलेला, ४५ मिमी हा ब्लेडचा व्यास) मी वापरते आणि मला तो मनापासून आवडतो. जपानी कंपनी आहे, १९७९ मध्ये असा कटर त्यांनीच पहिल्यांदा आणला, त्याआधी पुठ्ठ्याचा साचा ठेवायचा, पेन्सिलने आखायचं आणि कात्रीने एकेक तुकडा कापत बसायचं. आता सुती कापडाचे चार थर एकावर एक ठेवून पट्टीच्या कडेने फिरवलं की सुळ्ळकन पट्ट्या तयार, आणि सगळ्या एकाच मापाच्या. डावखुऱ्यांसाठी पण चांगलाय, साध्या मॉडेलमध्ये ब्लेड दुसऱ्या बाजूने बसवता येतं.

पण हे सगळं ब्लेडला धार आहे तोवर. आणि "ब्लेड किती महिन्यांनी बदलू" याला उत्तरच नाही हो, कारण नुसतं सुती कापड कापणारीचं ब्लेड खूप टिकतं आणि जीन्स, पॉलिस्टरचं बॅटिंग (क्विल्टच्या आतला भरावाचा थर) कापणारीचं लवकर जातं, आणि त्याच ब्लेडने कागद कापला तर विचारूच नका.

बोथट झालेलं आधी हाताला कळतं. नेहमीपेक्षा जोर लावावा लागतो, खांदा भरून येतो, एकाच रेषेवर दोनदा फिरवावं लागतं, वरचे थर कापले जातात आणि खालचा तसाच राहतो, कडेला दोरे लोंबतात. इथे चालढकल नको, कारण जोर लावला की पट्टी सरकते आणि कटर बोटाकडे येतो, नव्या धारेपेक्षा बोथट ब्लेडचीच मला जास्त भीती वाटते.

आता एक फार उपयोगाची गोष्ट. पूर्ण कापतंय पण मधेच दोन-चार धागे सुटतायत असं झालं तर सुटलेल्या जागांमधलं अंतर मोजा. ४५ मिमीच्या ब्लेडचा एक फेरा साधारण १४ सेंमीचा होतो, म्हणजे दर १४ सेंमीला धागे सुटत असतील तर धारेला एका जागी खाच पडलीये, बहुतेक टाचणीवरून गेलं असणार. २८ मिमीचं ब्लेड असेल तर हेच अंतर ९ सेंमीच्या आसपास येतं. खाच पडली की ते ब्लेड कापडासाठी संपलं, दुसरा इलाज नाही. पण मॅटवरच्या (कापताना कापडाखाली ठेवतो ती जाड चटई) ठराविक जागीच सुटत असेल तर ब्लेडचा दोष नाही, तिथे मॅटला खोल चर पडलाय, मॅट फिरवून कापून बघा लगेच कळेल.

नवीन ब्लेड काढायच्या आधी कटर एकदा उघडा. ब्लेडमागे सुताचा भुगा साचतो आणि ब्लेड नीट फिरत नाही, कोरड्या फडक्याने पुसा, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब लावा, आणि वॉशर-नट ज्या क्रमाने काढलं त्याच क्रमाने परत बसवा (उघडताना फोटो काढून ठेवा, खरंच). नट फार आवळू नका, आवळलं की ब्लेड फिरायच्या ऐवजी घासत जातं आणि एकाच बाजूला झिजतं. कितीतरी वेळा एवढ्यानेच काम होतं आणि पैसे वाचतात.

ओरिजिनल ब्लेडं महाग आहेत हे मान्य. ऑनलाइन बिननावाची स्वस्त मिळतात, ती मी घेऊन पाहिली, मधलं भोक सैल, फिरताना डुगडुगतात आणि कड सरळ येत नाही, माझ्याकडून नाहीच. पाकिटातली नवीन ब्लेडं तेलामुळे एकमेकांना चिकटलेली असतात, एकच लावताय ना ते बघून घ्या. काढलेलं ब्लेड मार्करने खूण करून कागद कापायला ठेवा, आणि तेही संपलं की चिकटपट्टी गुंडाळून झाकणाच्या डब्यात साठवा. सुटं ब्लेड कचऱ्यात अजिबात टाकू नका, आपला सुका कचरा कोणीतरी बाई हाताने वेगळा करत असते.

जुन्या साड्यांचे थर लावून हाताने धावदोरा घालणाऱ्यांना याची गरज नाही, त्यांना चांगली कात्री पुरे. पण एकसारखे चौकोन नि त्रिकोण जोडून काही करायचं असेल तर कटर, पट्टी, मॅट आणि जास्तीच्या ब्लेडचं पाकीट हे चारही एकदमच घ्या.